वाळूचा ढीग आणि रबरी फरशी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं आणि गेटाशेजारी दोन ब्रास वाळू येऊन पडली. इमारतीमागे मुलांसाठी बाग आहे. फायबरची घसरगुंडी, दोन झोपाळे, पडलं तरी लागू नये म्हणून लाल-हिरवी रबरी फरशी. वाळू आल्यापासून त्या बागेकडे कुणी फिरकेना. सगळी पोरं ढिगावर. पहिल्या दिवशी नुसत्या उड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माळ्याच्या नळाचं पाणी बाटल्यांतून आणलं आणि धरणाचं काम सुरू झालं. दुधाच्या पिशव्या, करवंट्या, फुटक्या कुंडीची खापरी, कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा, लागेल ते सामान गोळा होत गेलं. धरण तीनदा फुटलं. चौथ्या वेळी नऊ वर्षांच्या मुख्य इंजिनिअरबाईंनी भिंतीत पुठ्ठा घालून पाहिला. त्याचा भिजून लगदा झाला. मग खापरी आडवी बसवली आणि पाणी अडलं. बाईंच्या हाताखाली सात-आठ जण होते. त्यांतला चार वर्षांचा एक करवंटीतून पाणी आणायचा. निम्मं वाटेतच सांडायचं. पण त्याला कुणी हाकललं नाही की कुणी त्याच्यावर खेकसलं नाही. तो लिंबूटिंबू होता.

पंधरा दिवसांनी ढिगावर ताडपत्री आली. कारणं रास्तच होती. वाळू गटारात जाते, मांजरं घाण करतात, कुणाच्या डोळ्यात गेली तर जबाबदार कोण? मी कमिटीवर आहे. ताडपत्रीच्या बाजूने मीही हात वर केला होता.

मुलांनी मोकळेपणी खेळावं, हे आज सगळेच म्हणतात. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, सरकारी धोरण म्हणतं, शाळांची माहितीपत्रकंही म्हणतात. तरी ताडपत्री पडतेच. म्हणून या प्रश्नाचा जरा सावकाश धांडोळा घ्यावासा वाटला. मोकळा खेळ म्हणजे काय, त्यातून खरोखर काय मिळतं, आणि त्याच्या नावावर उगाच काय काय खपवलं जातं?

आधी शब्दांचं बघू. मराठीत ‘खेळ’ हा शब्द फार ऐसपैस आहे. भातुकली हाही खेळ आणि मॅटवरची कबड्डीही खेळच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम लिहून काढले गेले. त्याआधी गावागणिक, आळीगणिक खो-खो वेगळा होता. लेखी नियमांमुळे स्पर्धा शक्य झाल्या, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर नियमांवर वाद घालण्याचा मुलांचा हक्क मात्र संपला. मोकळ्या खेळाची ओळख तिथेच पटते. काय खेळायचं, कुणाबरोबर, कधी मोडायचं आणि मधेच नियम बदलायचा का, हे सगळं खेळणारेच ठरवतात. या हिशेबाने क्रिकेटचं कोचिंग, स्केटिंगचा क्लास, उन्हाळी शिबिरातली ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ हे काहीही मोकळा खेळ नव्हे. तिथे मजा येत नाही असं नाही. पण तिथे शिट्टी दुसऱ्याच्या हातात असते.

गल्लीतल्या खेळाची स्वतःची राज्यघटना होती. आधी चकायचं, म्हणजे हातावर हात उलटे-सुलटे टाकून राज्य कुणावर ते ठरवायचं. दम लागला किंवा चपलेचा अंगठा तुटला की ‘टॅम्प्लीज’. आउट होऊनही मानलं नाही तर ‘रडी’. आणि वयाने लहान, खेळायची हौस दांडगी पण झेप तोकडी, अशासाठी लिंबूटिंबू. त्याला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. बालमानसशास्त्रात मिश्र वयोगटातल्या खेळाचं महत्त्व सांगणारं बरंच लिखाण आहे. आमच्याकडे ते सगळं या एका शब्दात मावलं होतं. लहानग्याला सामावून घ्यायचं आणि तरी खेळाची चुरस बिघडू द्यायची नाही, ही तडजोड कुण्या मोठ्या माणसाने शिकवलेली नाही. अर्धा वेळ भांडणात जातो म्हणून मोठी माणसं चिडतात. ‘भांडायचंय की खेळायचंय?’ असं विचारतात. माझं मत असं की ते भांडणही खेळातच धरायला हवं.

बाकी मराठी भाषेने खेळाला फारसा मान दिलेला नाही, हेही खरं. ‘पोरखेळ’ ही शिवी आहे, ‘खेळखंडोबा’ म्हणजे विचका. तुकोबांच्या गाथ्यात विटूदांडू, फुगडी, लगोऱ्या, टिपरी यांवरचे अभंग आहेत, पण तिथे खेळ परमार्थ सांगायला येतो. खेळाकडे खेळ म्हणून पाहणं आपल्याकडे उशिराच आलं.

ते आणणाऱ्यांची ओळ छोटी आहे. जर्मनीत फ्रबेलने १८३७ साली बालकांसाठी जी संस्था काढली तिचं नाव पुढे किंडरगार्टन झालं. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडलं. मूल स्वतः काम निवडतं आणि त्यात बुडून जातं, हे त्यांनी जगाला दाखवलं. गंमत अशी की त्यांना लुटुपुटीच्या खेळाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्या साधनांनी काय करायचं हे ठरलेलं असे. दट्ट्या त्याच्याच खोबणीत बसला पाहिजे. त्याची आगगाडी करायची नाही. आज आपल्याकडे ‘माँटेसरी’ अशी पाटी लावलेल्या अनेक वर्गांत साधनंही नसतात आणि निवडही नसते, ती गोष्ट वेगळी.

भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे हे काम महाराष्ट्रात आणलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, आणि १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. इथे जरा थांबायला हवं, कारण आजच्या वादातले निम्मे प्रश्न तिथे तेव्हाच उभे राहिले होते. माँटेसरीची साधनं महाग. वारली पाड्यावर ती कोण घेणार? मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नव्हती, कारण मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, म्हणजे कडेवरचं बाळ खाली ठेवता येईल आणि ताईचे हात मोकळे होतील. खेळायला मोकळे हात लागतात, आणि ते प्रत्येक मुलाला असतातच असं नाही. हे कोसबादला नेमकं कळलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, अंगण मात्र सगळीकडे गेलं नाही. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत खेळणी प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट भिंतीवर टांगलेली होती. ताई म्हणाल्या, ‘‘सर, तुटली तर रजिस्टरला काय दाखवू?’’ त्यांचंही चुकत नव्हतं.

आता शास्त्राकडे. इथे उत्साही लेखांत बरीच भेसळ असते, म्हणून भक्कम काय आणि कच्चं काय हे वेगळं करून सांगतो.

मुलं खेळताना एकमेकांत कशी मिसळतात याचं जुनं निरीक्षण मिल्ड्रेड पार्टेन यांचं, १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेलं. आधी एकट्याने, मग नुसतं बघत, मग शेजारी बसून पण आपापलं, आणि मग एकत्र. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं पाठीला पाठ लावून खेळताना दिसली की आया काळजीत पडतात. ‘शेअर कर ना’ म्हणून मागे लागतात. तशी काही गरज नसते. त्या वयाची रीतच ती.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की याचं म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं. १९३३ मधल्या व्याख्यानात त्याने एक उदाहरण दिलं. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणी-बहिणी’ खेळतात. एरवी त्या बहिणी असतातच, पण तेव्हा तसं वागण्याचा विचार करत नाहीत. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं याचा नियम त्या जाणून पाळतात. लोक समजतात खेळ म्हणजे बेबंदपणा. त्याच्या मते खेळातच मूल स्वतःहून नियमाला बांधून घेतं. भातुकली आठवा. बोळक्यात गूळ-शेंगदाणे असतात, तोंडाला पाणी सुटलेलं असतं. पण पाहुणे अजून यायचेत, पानं मांडायचीत, म्हणून पाच वर्षांची पोर तो गूळ खात नाही. जेवणाच्या टेबलावर हाच संयम आईने हजारदा सांगूनही येत नाही.

अमेरिकेतला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर प्रत्येक पालकाने डोळ्यांपुढे आणावा असा आहे. नळ्या जोडून केलेलं एक खेळणं. त्यात चार गमती दडवलेल्या: एक नळी ओढली की किंचाळते, एकीत दिवा लागतो, एक सूर काढते, एकीत आरसा. काही बालवाडीच्या मुलांना बाईंनी शिकवलं, ‘बघ हं, हे असं वाजवायचं.’ दुसऱ्या मुलांसमोर बाईंचा हात जणू चुकून लागला आणि नळी किंचाळली. मग दोघांनाही खेळणं देऊन एकटं सोडलं. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं तेवढंच वाजवत बसली आणि लवकर कंटाळली. ज्यांना शिकवलं नव्हतं ती अधिक वेळ खेळली आणि त्यांना बाकीच्या गमतीही अधिक सापडल्या. शिकवणं वाया गेलं नव्हतं; शिकवलेलं मुलांना आलंच. पण मोठ्या माणसाने एवढंच दाखवलं म्हणजे यात एवढंच असणार, असा मुलांनी हिशेब केला. तो हिशेब शहाणपणाचाच होता.

आता कच्ची बाजू. ‘लुटुपुटीच्या खेळाने बुद्ध्यांक वाढतो, सर्जनशीलता वाढते’ ही वाक्यं सर्रास छापली जातात. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जवळपास चार दशकांचे अभ्यास चाळून काढले आणि सांगितलं, की असा कार्यकारणसंबंध पुराव्यात दिसत नाही. अनेक प्रयोगांची मांडणीच सदोष होती. मात्र त्याच लेखात त्यांनी हेही बजावलं, की याचा अर्थ लहान मुलांना बाकावर बसवून घोकंपट्टी करून घ्या असा कुणी काढू नये. मुलांच्या पुढाकाराने चालणाऱ्या पद्धतीच अजून तरी सर्वांत बऱ्या दिसतात. २०२२ मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात, मोठ्याने हलकीच दिशा दिलेला खेळ सुरुवातीच्या गणितासाठी थेट शिकवण्याहून सरस ठरला. म्हणजे आकार, आकडे शिकवायचे असतील तर अगदी मोकळ्या खेळावर विसंबू नये, असंही मानायला जागा आहे. मोकळ्या खेळाच्या भक्तांनी हे लपवू नये.

कोलोरॅडोतल्या सहा-सात वर्षांच्या सत्तर मुलांचा २०१४ मधला अभ्यासही खूप उद्धृत होतो. ज्यांच्या दिवसात आखून न दिलेला वेळ जास्त होता, ती मुलं स्वतःचं काम स्वतः ठरवून पार पाडण्यात सरस निघाली. पण हा नुसता सहसंबंध. कदाचित अशा मुलांनाच आई-बाप मोकळं सोडत असतील.

निःसंशय म्हणावा असा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो: डोळ्यांत. चीनमध्ये ग्वांगझूच्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीची, वर्गाबाहेर उघड्यावर. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना चष्म्याचा नंबर, म्हणजे मायोपिया, लागला. बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के मुलांना. यात कुणाच्या बुद्धीची बढाई नाही. उन्हात गेलेल्या डोळ्यांची मोजणी आहे.

धोक्याचंही बघायला हवं. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलं आपणहून घेतात त्या धोक्यांचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-विस्तवाची जवळीक, दांडगाई आणि नजरेआड होणं. सूरपारंब्यात यातले तीन तरी एका डावात येतात. वडावर चढायचं, पारंबीला लोंबकळत खाली यायचं, राज्य असलेल्याच्या हाती लागण्याआधी दांडकं गाठायचं. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये अशा खेळाच्या बाजूने निवेदन काढलं. त्यांचा भेद नेमका आहे. मुलाला दिसतो आणि पेलायचा की नाही हे ठरवता येतं तो एक धोका. सडलेली फांदी, उघडी वायर हा दुसरा. पहिला राहू द्यावा, दुसरा मोठ्यांनी आधीच काढून टाकावा. आपण नेमकं उलट करतो. झाडावर चढू देत नाही, आणि डीपीचं झाकण मात्र वर्षभर उघडं.

वाळूच्या ढिगाचं कोडंही जुनंच आहे. कोपनहेगनचा उद्यानरचनाकार सोरेनसेन याने मुलांसाठी सुबक क्रीडांगणं आखली, आणि मुलं खेळत होती बांधकामाच्या जागी. त्याने हार मानली आणि १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, एम्ड्रुपला भंगाराचं क्रीडांगण सुरू झालं. फळ्या, विटा, खिळे, हातोड्या, आणि फार मधे न पडणारा एक मोठा माणूस. युद्धानंतर ही कल्पना इंग्लंडात रुजली. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून काडेपेट्या, झाकणं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून खेळणी करायला पिढ्यान् पिढ्या शिकवलं. आणि दिवाळीतले किल्ले तर घरोघर होते. गोणपाट, विटा, राडा, त्यावर अळीव पेरायचे, म्हणजे पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा. आता प्लास्टरचा तयार किल्ला विकत मिळतो. तो दहा मिनिटांत मांडून होतो. मग बाकीची सुट्टी मोबाइल बघण्यात.

मोबाइलबद्दल फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय: एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडदा तासाभराहून जास्त नको. पण खेळायला जागा, सवंगडी आणि वेळ न देता नुसता मोबाइल हिसकावून घेतला तर मूल करणार काय?

जागेचं म्हणाल तर मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. एका सिंगल कॉटलाही त्याहून जास्त जागा लागते. देशाच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूत्रांत दहा-बारा चौरस मीटर अपेक्षित आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलंय. ज्या शाळांना ते आहे, त्यांचं फाटक संध्याकाळी बंद असतं.

धोरणं बोलतात चांगलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने त्यात खेळाला मध्यभागी ठेवलं, २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आला. हे सगळं स्वागतार्हच आहे. माझी तक्रार एका प्रत्ययाची आहे. सरकारी मराठीत सगळीकडे ‘खेळातून शिक्षण’. ‘ऊन’ लागला की खेळ वाहन होतो आणि प्रवासी दुसराच कुणी असतो. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळ हा हक्क म्हणून आला आहे, आणि भारताने १९९२ मध्ये तिला मान्यता दिली. हक्काला ‘त्यातून काय मिळतं’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. गुण वाढतात म्हणून खेळू द्यायचं असेल, तर उद्या गुण वाढत नाहीत असं सिद्ध झाल्यावर खेळ काढून घ्यायचा का?

हा प्रश्न केवळ मध्यमवर्गाचा नाही. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामाच्या साइटवर मुलांना मोकळा वेळ आणि वाळू दोन्ही ढिगाने असतं, पण बघायला कुणी नसतं. मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ पासून बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत आली, ती यासाठीच. मोकळं सोडणं आणि वाऱ्यावर सोडणं यात अंतर आहे. ज्या मुलीला पाचव्या वर्षीच भावंड सांभाळावं लागतं, तिच्या वाट्याला खेळ येण्याआधी पाळणाघर यावं लागतं. कोसबादचा तो धडा आपण अर्धाच गिरवला.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी विषयपत्रिकेवर दोन मुद्दे टाकायला दिलेत: मागच्या बागेतली निम्मी रबरी फरशी उखडून तिथे एक ब्रास धुतलेली वाळू आणि एक नळ, रात्री झाकायला तीच ताडपत्री, आणि पार्किंगमधली ‘येथे खेळू नये’ ही पाटी संध्याकाळी पाच ते सात लागू नसावी. तुमच्याकडेही सभा असेलच. विषय देण्याची मुदत संपण्याआधी सेक्रेटरींना पत्र द्या.